पुणे मावतं, मुंबई मावत नाही!

लिनक्सच्या बाळपणी, म्हणजे १९९१ साली, फाइलच्या नावाला जागा होती फक्त १४ बाइट. तेवढ्या जागेत आज मराठी नाव लिहून पाहा. ‘पुणे’ बसतं, ‘गोवा’ बसतं. ‘मुंबई’ बसत नाही!

कारण सोपं आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, उकार, अनुस्वार हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. पुणे म्हणजे प, उकार, ण, मात्रा. चार चिन्हं, १२ बाइट. मुंबई म्हणजे म, उकार, अनुस्वार, ब, ई. पाच चिन्हं, १५ बाइट. एका बाइटने मुंबई हुकली. (खुद्द यूटीएफ-८ जन्माला आलं सप्टेंबर १९९२ मध्ये. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर त्याची आखणी केली. म्हणजे १९९१ साली पुण्यालाही संधी नव्हतीच.)

ही १४ बाइटची फाइल सिस्टिम होती मिनिक्सची, म्हणजे लिनक्सच्या आधीच्या एका ऑपरेटिंग सिस्टिमची. ती फाइल सिस्टिम आजही लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आहे. रिकाम्या पेनड्राइव्हवर करून बघता येते. फॉरमॅट करताना १४ चा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो, नाहीतर ती उदार होऊन ३० बाइट देते, आणि मग मुंबईही आरामात बसते.

फाइल सिस्टिम म्हणजे तलाठ्याचं दफ्तर. डिस्क हे नुसतं माळरान. कुठला तुकडा कुणाच्या नावावर, हद्द कुठून कुठे, मालक कोण, हे सगळं लिहिलेलं असतं दफ्तरात. दफ्तर गेलं की जमीन जागेवर असूनही कुणाचीच नाही! लिनक्स इन्स्टॉल करताना हे दफ्तर कुठल्या पद्धतीचं ठेवायचं, असं एक स्क्रीन येऊन विचारतं. आपण बहुतेक जण ‘नेक्स्ट’ दाबून पुढे सरकतो. त्याच स्क्रीनवर थांबलेल्या, भलताच पर्याय निवडणाऱ्या लोकांच्या या गमती.

हार्डडिस्कला लावला फोन

हेलसिंकीतला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स त्या काळी एकाच संगणकावर मिनिक्सही ठेवून होता आणि स्वतःचं नवं लिनक्सही लिहीत होता. विद्यापीठाच्या संगणकाला मोडेमवरून फोन लावायचा होता. आज्ञा देताना मोडेमच्या जागी हार्डडिस्कचं नाव पडलं. फोन लावायच्या आज्ञा थेट डिस्कवर लिहिल्या गेल्या आणि मिनिक्सचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा तिचा वाटा, उद्ध्वस्त झालं. आता मिनिक्स पुन्हा बसवायचं, की लिनक्सच इतकं पुरं करायचं की मिनिक्सची गरजच उरू नये? त्याने दुसरा रस्ता धरला. ही हकीकत त्याने ‘जस्ट फॉर फन’ या आत्मचरित्रात स्वतःच सांगितली आहे.

दफ्तर मात्र अजून मिनिक्सच्याच पद्धतीचं होतं: नावाला १४ बाइट, अख्ख्या डिस्कला ६४ एमबी. एप्रिल १९९२ मध्ये फ्रान्सच्या रेमी कार्डने ‘एक्स्ट’ लिहिली. नाव २५५ बाइटपर्यंत, डिस्क २ जीबीपर्यंत. १९९३ च्या जानेवारीत एक्स्ट-२, २००१ साली एक्स्ट-३, २००८ च्या डिसेंबरात एक्स्ट-४. उबुंटू, मिंट, डेबियन बसवताना नुसतं ‘नेक्स्ट’ दाबलं की आज मिळते ती हीच चौथी पिढी.

नावाची मर्यादा मात्र अजूनही २५५ बाइटच. मराठीत मोजायचं तर ८५ चिन्हं. ‘ज्ञानेश्वरी’ हा एकच शब्द ३३ बाइट घेतो. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये हिशेब वेगळा: तिथे देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एकच घर, आणि घरं २५५. म्हणून होतं काय, की कीर्तनाचं किंवा व्याख्यानाचं भलंमोठं मराठी नाव विंडोजवर सुखाने नांदत असतं, आणि लिनक्सवर कॉपी करायला गेलं की ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून अडतं. पेनड्राइव्ह खराब नसतो. नाव मराठीत आहे, एवढंच.

विंडोजच्या घरी पोटभाडेकरू

नवं पार्टिशन करायची भीती सगळ्यांनाच वाटते. डिस्कवरचे फोटो, हिशेब गेले तर? त्यावर नव्वदच्या दशकात एक तोड निघाली: डॉसच्या फोल्डरमध्येच लिनक्स बसवायचं. या युक्तीचं नाव यूएमएसडॉस.

डॉसला आठ अधिक तीन अक्षरांपलीकडचं नाव कळत नाही, मालक आणि परवानग्या तर अजिबातच नाहीत. मग यूएमएसडॉस प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी ठेवायचं. चिठ्ठीच्या फाइलचं नाव: दोन आडव्या रेघा, लिनक्स, एक रेघ, टिंब, तीन रेघा. फाइलचं खरं लांब नाव, मालक, परवानग्या सगळं त्या चिठ्ठीत. डॉसला वाटायचं, आहे एक फाइल, असू दे. स्लॅकवेअरने ‘झिपस्लॅक’ नावाची आवृत्तीच काढली होती. अख्खं लिनक्स १०० एमबीच्या झिप डिस्कवर, वर्षानुवर्षं लोकांनी चालवलं. २००५ साली यूएमएसडॉस कर्नलमधून काढलं गेलं. मला ती चिठ्ठीची कल्पना आजही फार आवडते. घरमालकाला जराही त्रास न देता राहिलेला भाडेकरू!

पुढचा पोटभाडेकरू आला एप्रिल २००८ मध्ये, उबुंटू ८.०४ बरोबर. त्याचं नाव वुबी. विंडोजमध्ये एखादा गेम टाकावा तसं उबुंटू टाकायचं. सी ड्राइव्हवर ‘रूट डॉट डिस्क’ नावाची एक मोठी फाइल तयार व्हायची, त्या फाइलच्या पोटात लिनक्सची फाइल सिस्टिम, आणि तिच्यात अख्खं उबुंटू. नकोसं झालं तर कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल, पाच मिनिटांत पाटी कोरी. महाराष्ट्रात तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते, आणि वुबीचं दुखणं नेमकं तेच होतं: अचानक वीज गेली की साध्या इन्स्टॉलेशनपेक्षा याला धोका जास्त. एका दफ्तराच्या पोटात दुसरं दफ्तर, दोन्ही अर्धवट लिहिलेली. २०१३ च्या १३.०४ आवृत्तीपासून उबुंटूने वुबी बंद केलं.

हौशी माणसं तरी थांबली नाहीत. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर कर्नल ५.१५ आलं, आणि त्यात पॅरागॉन या कंपनीने दिलेला एनटीएफएसचा नवा ड्रायव्हर होता. तो वापरून काहींनी आर्च लिनक्स विंडोजच्याच पार्टिशनमध्ये उतरवलं. एकाच सी ड्राइव्हवर ‘विंडोज’ आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या शेजारी लिनक्सचे ‘ईटीसी’ आणि ‘यूएसआर’! उलटा प्रयोगही झाला आहे. मार्क हार्मस्टोन या प्रोग्रॅमरने विंडोजसाठी बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर लिहिला, ‘क्विबल’ नावाचा बूटलोडर (संगणक चालू होताना सिस्टिम उचलणारा प्रोग्रॅम) लिहिला, आणि चक्क विंडोज तिच्यावरून चालू करून दाखवलं. दोन्ही प्रयोग बघण्यासारखे आहेत. रोजच्या कामाच्या मशीनवर मात्र करू नका.

तिजोरीची किल्ली तिजोरीत

वेगळी फाइल सिस्टिम निवडली की पहिली अडचण ही येते. संगणक चालू झाला की कर्नल डिस्कवरून उचलायचा. डिस्क वाचायला त्या फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर हवा. ड्रायव्हर आहे कुठे? त्याच डिस्कवर, त्याच फाइल सिस्टिमच्या आत!

यावर उतारा म्हणजे इनिटरॅमएफएस. कर्नलबरोबर एक छोटं गाठोडं थेट मेमरीत उतरवतात, त्यात नेमके लागणारे ड्रायव्हर बांधलेले असतात. कर्नल आधी गाठोडं सोडतो, किल्ली काढतो, मग तिजोरी उघडतो. पण कर्नल आणि गाठोडं उचलणाऱ्या बूटलोडरलाही ती जागा वाचता आली पाहिजे. म्हणून आडवळणाच्या फाइल सिस्टिमवर लिनक्स बसवणारे लोक ‘बूट’ फोल्डरसाठी एक साधं, सर्वांना वाचता येणारं पार्टिशन वेगळं काढतात. इन्स्टॉल सुरळीत झालं आणि रीस्टार्ट केल्यावर काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत बसला, तर पहिला संशय इथे घ्यायचा.

समुद्र उकळायला लागतील

आता माझी सगळ्यात लाडकी, झेडएफएस. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अ‍ॅरेन्स यांनी २००१ साली कामाला हात घातला, २००५ मध्ये ती सोलॅरिसमध्ये आली. पत्ते लिहायला १२८ बिट. एवढे कशाला, असं लोक विचारायचे. बॉनविकने भौतिकशास्त्राचा हिशेब मांडून उत्तर दिलं: १२८ बिटचा साठा पूर्ण भरायला जितकी ऊर्जा लागेल, ती पृथ्वीवरचे समुद्र उकळायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त आहे. म्हणजे जागा कधी कमी पडणार नाही, हे त्याने समुद्र साक्षीला ठेवून सांगितलं.

तिची खरी करामत वेगळीच आहे. प्रत्येक तुकड्याबरोबर ती त्याची बेरीज, म्हणजे चेकसम, लिहून ठेवते आणि वाचताना दर वेळी ताडून पाहते. डिस्कवर एखादा बिट गुपचूप पालटला, तर साध्या फाइल सिस्टिमला पत्ताही लागत नाही. लग्नाच्या फोटोवर एक दिवस करडा पट्टा दिसतो तेव्हा कळतं. झेडएफएसला ते वाचतानाच कळतं, आणि दोन डिस्कवर जोडप्रत ठेवली असेल तर चांगल्या प्रतीवरून ती बिघडलेली प्रत स्वतः दुरुस्त करते.

मग सगळे तिच्यावरच लिनक्स का बसवत नाहीत? अडचण परवान्याची. झेडएफएसचा कोड सीडीडीएल परवान्याखाली, लिनक्सचा जीपीएलखाली. दोन्ही मुक्त, पण दोघांच्या अटी एकमेकींशी जुळत नाहीत, असं बहुतेकांचं मत. सन पुढे ओरॅकलने विकत घेतली. २०२० च्या जानेवारीत लिनसने स्पष्ट सांगितलं की ओरॅकलचं अधिकृत पत्र हातात आल्याशिवाय हा कोड मी कर्नलमध्ये घेणार नाही. पत्र आजवर आलेलं नाही. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमला ही अडचणच नाही. २०१४ च्या १०.० आवृत्तीपासून तिच्या इन्स्टॉलरमध्ये झेडएफएसचा पर्याय सरळ दिलेला आहे. उबुंटूने १६.०४ पासून तिचं मॉड्यूल तयार करून बरोबर दिलं, आणि २०१९ च्या १९.१० मध्ये ‘प्रायोगिक’ असा शिक्का मारून तिला इन्स्टॉलरमध्येही आणलं. तिथे तिजोरीच्या किल्लीची तीच गोष्ट: उबुंटू दोन पूल, म्हणजे डिस्कच्या जागेचे दोन साठे, बनवतं: बीपूल आणि आरपूल. ग्रब बूटलोडरला झेडएफएसची मोजकीच वैशिष्ट्यं वाचता येतात, म्हणून बीपूल साधा ठेवायचा आणि सगळी श्रीमंती आरपूलमध्ये.

पूल बनवताना ‘अ‍ॅशिफ्ट’ म्हणून एक आकडा ठरवला जातो. बहुतेक ठिकाणी तो १२ असतो, कारण २ चा १२ वा घात ४,०९६, आणि आजच्या डिस्कचा सेक्टर तेवढ्या बाइटचा. हा आकडा चुकला तर त्या डिस्कपुरता नंतर बदलता येत नाही. पाया परत खणायचा, म्हणजे सगळं पुसून पुन्हा!

आणि आता खास आपल्यासाठी. ‘दऱ्याखोऱ्या’ मधला अर्धा ‘ऱ’ पाहा. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ हे एकच चिन्ह, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता. दिसायला डिट्टो सारखे. जुन्या मॅकची एचएफएस प्लस नाव साठवताना ऱ ची फोड करून टाकायची. अशी फाइल लिनक्सच्या साध्या एक्स्ट-४ वर आणली आणि शेजारी त्याच नावाची दुसरी फाइल कीबोर्डवरून टाइप करून बनवली, तर एकाच फोल्डरमध्ये हुबेहूब एका नावाच्या दोन फाइली! झेडएफएसचा पूल बनवताना ‘नॉर्मलायझेशन फॉर्म-डी’ हा पर्याय देता येतो. मग ती नाव आहे तसं ठेवते, पण नावं जुळवताना दोन्ही ऱ एकच मानते. हा पर्याय फक्त बनवतानाच देता येतो, नंतर नाही. उबुंटू झेडएफएसवर हाताने बसवण्याची जी पद्धत ओपनझेडएफएसने लिहून दिली आहे, तिच्यात तो आधीच घातलेला आहे. ‘वाऱ्यावरची’ फाइल सापडत नाही म्हणून डोकं धरून बसलेल्या कुठल्याही मराठी माणसाला याची किंमत कळेल. भर म्हणून, २०२५ च्या ओपनझेडएफएस २.३ मध्ये नाव १,०२३ बाइटपर्यंत वाढवता येतं. म्हणजे देवनागरीची बरोबर ३४१ चिन्हं.

लोणी, आणि मोडलेलं जागेवर आणणं

बीटीआरएफएस. कुणी ‘बटर एफएस’ म्हणतं, कुणी ‘बेटर एफएस’. ख्रिस मेसनने २००७ साली ओरॅकलमध्ये असताना सुरू केली, २००९ च्या मार्चमध्ये कर्नलमध्ये आली. ओपनसुसे २०१४ पासून आणि फेडोराची डेस्कटॉप आवृत्ती २०२० पासून मुळात हिच्यावरच बसते.

हिची रीत म्हणजे लिहिलेल्यावर खाडाखोड करायची नाही. बदल झाला की नवं पान लिहायचं आणि अनुक्रमणिकेत नव्या पानाचा आकडा टाकायचा. जुनं पान तसंच ठेवलं की झाला स्नॅपशॉट, क्षणात.

हे कितपत खरं, ते बघायला मी एका जुन्या लॅपटॉपवर ओपनसुसे बसवलं, एक स्नॅपशॉट घेतला, आणि मुद्दाम ‘यूएसआर’मधलं ‘बिन’ फोल्डर उडवलं. जवळपास सगळ्या आज्ञा त्यातच राहतात. पुढच्या क्षणाला टर्मिनलमध्ये जवळपास काहीही लिहिलं की उत्तर एकच: ‘कमांड नॉट फाउंड’. फायलींची यादी बघायची आज्ञाही गेलेली. पॉवरचं बटण दाबून धरलं, लॅपटॉप बंद केला, चालू केला. ग्रबच्या यादीत ‘स्टार्ट बूटलोडर फ्रॉम अ रीड-ओन्ली स्नॅपशॉट’ ही ओळ असते, ती निवडली. तारीख-वेळेसकट स्नॅपशॉटची यादी आली. मघाचा निवडला. डेस्कटॉप जसाच्या तसा समोर. मग टर्मिनल उघडून ‘सुडो स्नॅपर रोलबॅक’, एक रीस्टार्ट, काम फत्ते. मधल्या वेळात लिहिलेलं टिपणही जागेवर होतं, कारण ओपनसुसे ‘होम’ फोल्डर स्नॅपशॉटच्या बाहेर ठेवतं. ते बघताना अंगावर काटा आला होता, आणि अजूनही कुणाला हे करून दाखवताना तेवढाच आनंद होतो.

आणखी एक कमाल: आधीचं एक्स्ट-४ चं पार्टिशन न पुसता बीटीआरएफएस करता येतं. ‘बीटीआरएफएस-कन्व्हर्ट’ जुनं दफ्तर गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवतं. ते हटवेपर्यंत परतीचा रस्ता उघडा राहतो.

रोजकीर्द आणि खतावणी

वाण्याच्या दुकानात आधी रोजकीर्द लिहितात, मग तिच्यावरून खतावणी. मध्येच दिवे गेले तरी रोजकीर्द पाहून खतावणी पुरी करता येते. फाइल सिस्टिमचं जर्नल अगदी हेच करतं. मुख्य कर्नलमध्ये पहिली रोजकीर्द आणली राइझरएफएसने, २००१ च्या जानेवारीत. छोट्या छोट्या फाइली दाटीने बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सुसे लिनक्स तेव्हा हिच्यावरच बसायचं. पण काळजी घेणारे हात कमी झाले, २०२२ मध्ये तिला ‘मोडीत’ ठरवलं आणि २०२५ च्या जानेवारीत आलेल्या कर्नल ६.१३ मधून ती गेली.

बीकॅशएफएसचं त्याहून लवकर झालं. केंट ओव्हरस्ट्रीटने २०१५ मध्ये जाहीर केली, २०२४ च्या जानेवारीत ६.७ मध्ये आत आली, आणि कर्नलच्या शिस्तीवरून खटके उडत २०२५ अखेरच्या ६.१८ मधून बाहेर. आता तिचं मॉड्यूल वेगळं लावावं लागतं. कोड कितीही सुंदर असो, तो सांभाळणारी माणसं किती आहेत हे मी आता आधी बघतो.

धावत धावत

तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये कदाचित एफटूएफएस असेल. सॅमसंगने २०१२ मध्ये खास फ्लॅश मेमरीसाठी बनवली. फ्लॅशवर जुन्यावर थेट लिहिता येत नाही, आधी मोठा गठ्ठा पुसावा लागतो, हे ध्यानात ठेवून. रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डवर हौशी लोक हीच टाकतात.

एक्सएफएस मोठी करता येते, लहान करणं जवळपास जमतच नाही. जागा वाटतानाच विचार करा. आणि तिचं घड्याळ आता २४८६ सालापर्यंत चालतं. जुनी ३२ बिटची घड्याळं मात्र १९ जानेवारी २०३८, मंगळवारी, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतात.

जपानच्या एनटीटीची निलएफएस-२ स्नॅपशॉट घ्या म्हणून सांगायची वाटच बघत नाही. तिच्या खुणा सतत पडत राहतात.

हायकू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या बीएफएसमध्ये प्रत्येक ईमेल ही एक साधी फाइल. पाठवणारा, विषय, तारीख हे तिचे गुणधर्म. फाइल सिस्टिमलाच विचारायचं, अमक्याची पत्रं दाखव. मूळ बीएफएस लिहिणारा डॉमिनिक जाम्पाओलो पुढे अ‍ॅपलमध्ये गेला आणि स्पॉटलाइटवर काम केलं.

तुम्हाला यातलं काही करून बघायचं असेल तर माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढा, नाहीतर व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक खोटी डिस्क बनवा. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो, डिस्क गेली की तोही जातो. म्हणून फोटो आणि कागदपत्रांची प्रत आधी वेगळ्या डिस्कवर काढा, ती उघडून बघा, आणि मग त्या स्क्रीनवर ‘नेक्स्ट’ न दाबता थांबा.